अर्भकाला न मानवणारे वरचे दूध व पर्यायी दूधभुकटी

अंगावरचे दूध मिळत नसलेल्या किंवा पुरत नसलेल्या अर्भकाला वरचे दूध मानवले नाही, तर त्याच्याऐवजी निवडायची डबाबंद दूधभुकटी. गुळणी, पोट गच्च होणे, पातळ किंवा खडा शी, संध्याकाळचे न थांबणारे रडणे या सगळ्यांना घरोघरी ‘बाळाचे पोट नाजूक आहे’ असे म्हणतात. या नावाचे निदान वैद्यकात नाही. त्यामागे एकमेकींशी संबंध नसलेल्या अवस्था असतात, आणि भुकटीची निवड त्यांतली कोणती आहे यावर ठरते.

इतिहास : शिशुअन्नाचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी एकमत नाही. स्त्रीदुग्ध व गोदुग्ध यांचे तुलनात्मक रासायनिक विश्लेषण योहान फ्रांत्स सिमोन याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केले. यूस्टुस फॉन लीबिगने गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ व पोटॅशियम बायकार्बोनेट यांची कृती १८६५ च्या सुमारास मांडली. हेन्री नेस्लेचे दूधपीठ सामान्यतः १८६७ चे मानतात. काही लेखक दोन्हींसाठी १८६७ हेच साल देतात. प्रसिद्धी व विक्री यांतले अंतर न पाहिल्यामुळे हा घोळ झाला असावा. अग्रमान लीबिगला देणे अधिक सयुक्तिक. तथापि पीठ असलेली ही दोन्ही मिश्रणे आजच्या भुकटीपासून बरीच दूर आहेत. स्त्रीदुग्धाशी मिळत्याजुळत्या स्निग्धांशाचे मिश्रण गेर्स्टेनबर्गर व सहकाऱ्यांनी १९१५ मध्ये क्लीव्हलँड येथे सिद्ध केले. गाईचे दूध न सोसणाऱ्या बाळांसाठीच्या भुकटीचा वंश आणखी वेगळा आहे : जॉन रूराह याने १९०९ मध्ये बाल्टिमोर येथे सोयाबीनचा वापर नोंदवला, तर केसीन (गाईच्या दुधातील मुख्य प्रथिन) विघटित करून, म्हणजे त्याचे बारीक तुकडे करून, केलेले न्यूट्रामिजेन १९४२ मध्ये आले. भारतात म्हशीच्या दुधापासून शिशुअन्न करण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत विकसित झाली व आणंदच्या अमूलने ती उत्पादनात उतरवली. हा काळ १९५० च्या दशकाची अखेर किंवा त्यालगतचा.

घटक व कारणे : १०० मिलि. स्त्रीदुग्धात प्रथिन सुमारे १ ग्रॅम व लॅक्टोज (दुधातील साखर) सुमारे ७ ग्रॅम असते. गाईच्या दुधात प्रथिन ३.३ ग्रॅमच्या आसपास, लॅक्टोज ५ ग्रॅमपेक्षा किंचित कमी. गाईच्या प्रथिनात केसीन जवळजवळ ८० टक्के असते. परिपक्व स्त्रीदुग्धात मठ्ठ्यातील प्रथिनांचे (व्हे) प्रमाण अधिक, साधारण ६० टक्के. या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. आईच्या दुधातच लॅक्टोज जास्त असल्याने नवजाताला ‘लॅक्टोज पचत नाही’ हा तर्क क्वचितच खरा ठरतो. लॅक्टोज पचवणाऱ्या विकराचा (लॅक्टेज) जन्मजात अभाव अतिदुर्मिळ आहे. जुलाबांनंतर आतड्याचे अस्तर दुखावून येणारी असहिष्णुता बहुधा काही आठवड्यांत ओसरते. लॅक्टोजरहित भुकटी तेवढ्यापुरतीच लागते. गॅलॅक्टोसीमिया हा चयापचयाचा विकार याला अपवाद.

खरी शंका प्रथिनाची असते. गोदुग्ध-प्रथिनाच्या अ‍ॅलर्जीत शीतून रक्त किंवा चिकट आव, वारंवार उलटी, इसब, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात. दोन ते चार आठवडे ते प्रथिन पूर्ण बंद करून, लक्षणे थांबल्यावर वैद्याच्या देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहणे ही निदानाची मान्य रीत. उपचारासाठी बव्हंशी विघटित (एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड) भुकटी व तीही न सोसल्यास अमिनो आम्लांची भुकटी देतात. अंशतः विघटित भुकटी इथे चालत नाही. अशा भुकटीच्या डब्यावरच्या ‘कम्फर्ट’सारख्या शब्दांमुळे नेमका हाच गोंधळ होतो. सोया भुकटी सहा महिन्यांआधी सहसा देत नाहीत. शेळीचे दूध हलके, गावठी गाईचे दूध सोसते, असे वडीलधारी माणसे सांगतात. पण शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक अ‍ॅलर्जिक बाळांना तेही बाधते, शिवाय त्यात फोलेट (ब गटातील जीवनसत्त्व) कमी. गावठी गाईतही अ‍ॅलर्जीकारक प्रथिने तीच.

नुसत्या गुळणीने, वजन वाढत असल्यास, भुकटी बदलण्याचे कारण नसते. गुळणी चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते व वर्षाच्या आत बहुधा थांबते. न थांबणाऱ्या रडण्याबाबत (कॉलिक) वेसेल या बालरोगतज्ज्ञाची १९५४ ची व्याख्या (दिवसाला तीन तासांहून, आठवड्याला तीन दिवसांहून व एकूण तीन आठवड्यांहून अधिक) अजून उद्धृत होते. अशा बाळांना विशेष भुकटीने उतार पडतो याचा पुरावा दुबळा आहे. हिरवी उलटी, वेगाने फेकली जाणारी उलटी, ताप किंवा रक्त दिसल्यास डब्याचा विचार बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे लागते.

गोव्यातील व्यवहार : पेडणे, डिचोली, सत्तरी भागांतील मराठी घरांत पोटदुखीवर सहाणेवर उगाळलेली बाळघुटी, बेंबीभोवती हिंग, हे उपाय चालतात. हिंगाचा लेप निरुपद्रवी ठरू शकतो; घुटीतील वेखंड आणि मध यांना मात्र बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप आहे, मधाला अर्भक-बोट्युलिझममुळे (जीवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार) वर्षापर्यंत. तपासणी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (मूळ संस्था १८४२) तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत होते.

पावसाळ्यातील दमट हवेत उघडा डबा लवकर ओलावतो व भुकटीचे गोळे होतात. झाकण घट्ट लावून तो कोरड्या जागी ठेवतात (फ्रीजमध्ये नव्हे) आणि साधारण महिन्याभरात संपवतात. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शनानुसार ती निदान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळून मग निववावी. पाणी नळाचे असो वा विहिरीचे, आधी उकळलेले हवे. दूध पातळ करून ‘हलके’ करण्याची सवय घातक आहे : बाळाचे पोषण त्याने घटते, पोटाला आराम मिळत नाही.

भारतात शिशुदुग्धपर्यायांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने (सुधारणा २००३) बंद आहे. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही, मोफत नमुनेही वाटता येत नाहीत. त्यामुळे पालकांची माहिती औषधविक्रेता, शेजारीण आणि डब्यावरची बारीक अक्षरे एवढ्यावरच येऊन थांबते. त्या अक्षरांत प्रथिनाचा स्रोत व विघटनाचा प्रकार पाहावा. बाकीची विशेषणे सोडून द्यावीत.

सहा महिन्यांनंतर उकड्या तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व सुरू होते. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांत गाईचे दूध पुन्हा देऊन पाहण्याची चाचणी बहुधा वर्षाच्या सुमारास, निदान सहा महिने पथ्य झाल्यावर करतात.