शाश्वत विकास मायनर म्हणून घेताना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पाणी, कचरा, ऊर्जा आणि हवामान या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करण्याची इच्छा असलेले पुण्यातील कला आणि वाणिज्य शाखांचे अनेक विद्यार्थी दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत भेटतात आणि त्यातील बहुतेकांनी, बारावीला विज्ञान नव्हते म्हणून हा रस्ता आपल्याला बंद आहे, असे धरून ठेवलेले असते. हा समज चुकीचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या, जोडीला मायनर विषय घेता येतो आणि तो आपल्याच विद्याशाखेतला असला पाहिजे, अशी अट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात तर एखादे आंतरविद्याशाखीय क्षेत्रही मायनर होऊ शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. शाश्वत विकास हे तसे क्षेत्र आहे.

महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ आणि १३ मार्च २०२४ चे शासन निर्णय या रचनेचा आधार आहेत. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात आणि त्यातील साधारण १८ ते २० मायनरचे असतात. तासिकेचा एक श्रेयांक म्हणजे किमान १५ तास असा हिशेब केला, तर १८ श्रेयांकांसाठी २७० तास वर्गात बसावे लागते; प्रात्यक्षिकाला एका श्रेयांकामागे ३० तास धरले जातात. एवढा वेळ एखाद्या विषयाला द्यायचा, तर तो विचार करून निवडायला हवा.

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पर्यावरणाशी संबंधित अभ्यासक्रम पदवीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी येतो. पहिला सर्वांना सक्तीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २००४ च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास लागू झाला आणि त्यासाठीचे आयोगाचे पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एराच भरुचा यांनी लिहिले. आता हा विषय मूल्यशिक्षणाच्या गटात दिला जातो. दुसरा म्हणजे मुक्त वैकल्पिक (ओपन इलेक्टिव्ह) विषय. तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो आणि या गटाचे एकूण १० ते १२ श्रेयांक असतात. तिसरा म्हणजे मायनर. सक्तीचा पेपर उत्तीर्ण झाला किंवा ‘शाश्वत विकासाची ओळख’ अशा नावाचा एखादा वैकल्पिक विषय घेतला, म्हणजे आपले मायनर झाले, असे समजणारे विद्यार्थी तिसऱ्या वर्षी निराश होतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या रचनापत्रकात, म्हणजे सत्रवार विषय आणि श्रेयांकांच्या तक्त्यात, तो विषय कोणत्या रकान्यात छापला आहे, हे नावापेक्षा आधी पाहावे. नाव ‘पर्यावरणशास्त्र’, ‘हवामान बदल’ किंवा आणखी काही असू शकते.

पात्रतेच्या अटी महाविद्यालयागणिक बदलतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. स्वायत्त महाविद्यालये मायनरच्या विषयांची यादी स्वतः ठरवतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतूनच मेजर आणि मायनर ठरवावे लागते. अशा ठिकाणी पहिल्याच प्रवेशअर्जात हा विषय लिहिला नाही, तर पुढे दार बंद होते. मायनरचे श्रेयांक पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण करायचे असल्याने ‘चौथ्या वर्षी बघू’ हा विचार उपयोगाचा नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची रचना वेगळी आहे. त्यांच्याकडे बहुविद्याशाखीय मायनरला १४ श्रेयांक ठेवले आहेत.

मेजर कोणतेही असले तरी त्याच्याशी या विषयाची सांगड कशी घालणार, हे अर्जाआधी ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खडकवासला धरणाचे पाणी शहराला किती आणि शेतीला किती, हा प्रश्न अभ्यासता येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला मुळा-मुठेच्या पाण्याचे नमुने तपासता येतात. शेअर बाजारातील बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणे सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने बंधनकारक केले असल्याने वाणिज्य शाखेला तर यात नोकरीच्या दृष्टीनेही थेट उपयोग आहे.

कागदपत्रांची यादी फार मोठी नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्रे आणि लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ही प्रवेशाच्या वेळीच दिलेली असतात. परराज्यातून किंवा अन्य मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते, आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या वर्षी मायनर नक्की करताना आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक आणि शुल्काची पावती जवळ ठेवावी.

यात एक क्रमांक मात्र अत्यंत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे शैक्षणिक श्रेयांक पेढीतील (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) बारा आकडी ओळख क्रमांक. तो डिजिलॉकरवरून आधारच्या साहाय्याने काढता येतो आणि श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी होते आणि आधारवर वडिलांचे नाव गाळलेले होते. एवढ्याशा फरकामुळे तिच्या दोन सत्रांचे श्रेयांक खात्यात आले नाहीत आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर तिला कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या. नावाची दुरुस्ती अर्जाच्या आधी करून घ्यावी.

अर्ज म्हणून बहुधा एक पानाचा विषयनिवड अर्ज असतो किंवा महाविद्यालयाच्या संगणकीय प्रणालीतील एक पान असते. त्यात पसंतीक्रम द्यायचा असतो. जागा मर्यादित असल्यास वाटप गुणांनुसार होते. विभागप्रमुखांची सही झालेली प्रत स्वतःकडे ठेवावी. काही विषय स्वयम् या केंद्र सरकारच्या मंचावरून घेता येतात आणि एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून घेण्यास आयोगाची मुभा आहे, परंतु तो विषय मायनरमध्ये धरला जाईल, याची लेखी संमती नोंदणीपूर्वी घ्यावी.

क्षेत्रकार्याचे, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायच्या अभ्यासाचे, पत्रही याच काळात मागून ठेवावे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आहे. वर्गीकरणाच्या शेडमध्ये पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि काच वेगळी करणारी बाई हातात घेताक्षणी प्लॅस्टिकचा प्रकार ओळखते, हे शेजारी बसून पाहिलेल्या विद्यार्थ्याचा अहवाल वेगळाच होतो. अशा ठिकाणी जाण्यासाठी महाविद्यालयाचे शिक्क्याचे पत्र, ओळखपत्र आणि पालकांचे संमतीपत्र लागते. ते परीक्षेच्या तोंडावर मिळत नाही.

निकाल लागल्यावर गुणपत्रिकेत मायनरच्या रकान्यातील विषय आणि श्रेयांक आपल्या अर्जाच्या प्रतीशी ताडून पाहावेत, पेढीच्या खात्यातही तेच दिसतात का हे तपासावे आणि तफावत आढळल्यास त्याच सत्रात परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.