पॉलिप आणि फायब्रॉइड : दोन्हीला 'गाठ'च म्हणतात, पण फरक बराच आहे

माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर खाली एक ओळ होती, '१२ मिमी, पॉलिप किंवा सबम्युकस फायब्रॉइड'. घरी येऊन सांगितलं पिशवीत काहीतरी दिसतंय तर सासूबाई लगेच, "अगं गाठ असेल, आपल्या मोठ्या आत्यांना पण होती, पिशवीच काढावी लागली त्यांची." झालं. माझी रात्रभर झोप गेली, कारण आमचं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) पुढच्याच महिन्यात सुरू होणार होतं.

तर आधी हे दोन काय आहेत ते. गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असतं, तेच दर पाळीला गळून जातं, आणि त्याच्या बाहेर जाड स्नायूची भिंत. पॉलिप हा अस्तराचाच वाढलेला तुकडा, मऊ, बहुतेक वेळा देठाला लटकलेला, आणि अस्तर गळलं तरी हा काही जात नाही. फायब्रॉइड मात्र स्नायूचा गोळा, पांढरट आणि चांगला टणक. तो पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीत किंवा आतल्या पोकळीकडे, कुठेही होऊ शकतो, आणि पॉलिपशी गल्लत होते ती फक्त या शेवटच्या प्रकाराची म्हणजे सबम्युकसची. त्यातही टाइप ० पूर्ण पोकळीत लोंबतो, टाइप १ अर्ध्याहून जास्त आत असतो आणि टाइप २ चा जास्त भाग भिंतीत रुतलेला असतो. टाइप ० असेल तर नुसत्या साध्या सोनोग्राफीवर भलेभले गोंधळतात.

माझा गोंधळ मात्र तारखेमुळे झाला होता. पहिली सोनोग्राफी पाळीच्या २१व्या दिवशी केलेली, तेव्हा अस्तर जाड आणि स्क्रीनवर पांढरं दिसतं आणि पॉलिपही पांढराच, म्हणजे दहीभातात काजू शोधायचा प्रकार. पाळी संपल्या संपल्या, १०व्या दिवसाच्या आत केली की अस्तर पातळ असतं आणि काय ते स्वच्छ दिसतं. हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलंच नाही, राग आला खरा. दुसऱ्यांदा ८व्या दिवशी बोलावलं, बारीक नळीतून थोडं सलाइन आत सोडलं आणि स्क्रीनवर काळ्या पाण्यात ते पांढरं बोंड शेवाळासारखं डुललं, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावल्यावर देठातून जाणारी एकच रक्तवाहिनी लाल रेघेसारखी दिसली. पॉलिपची खूण हीच. फायब्रॉइड असता तर करडा-काळपट दिसला असता, मागे सावली पडली असती आणि रक्तवाहिन्या कडेने गोल फिरलेल्या असत्या. तरी शंभर टक्के खात्री दुर्बिणीने बघून आणि तुकडा तपासूनच होते.

आता मूल राहण्याचं. पॉलिप गर्भनलिकेच्या (ट्यूबच्या) तोंडाशी असेल तर वाटच अडवतो, बाकी ठिकाणी असेल तर अस्तराला सूज ठेवतो आणि गर्भ रुजायला लागणारे काही सिग्नल कमी करतो असं मानतात. यावर माद्रिदचा २००५ चा एक अभ्यास डॉक्टर लोक नेहमी सांगतात, आययूआय (शुक्राणू नळीने थेट पिशवीत सोडणं) करणार असलेल्या २१५ बायका, अर्ध्यांचा पॉलिप काढला, अर्ध्यांची फक्त बायोप्सी घेतली. काढलेल्यांपैकी साधारण ६३ टक्क्यांना दिवस गेले, दुसऱ्या गटात २८. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की पॉलिप काढलेल्यांपैकी ज्यांना दिवस गेले त्यातल्या बऱ्याच जणींना पहिली आययूआय व्हायच्या आधीच गेले.

पण हा आकडा उचलून आयव्हीएफला चिकटवू नका. आयव्हीएफमध्ये गर्भ थेट आत सोडतात, ट्यूबचा प्रश्नच येत नाही, आणि तिथे इतका ठोस पुरावा नाहीये. ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी दिसला तर बहुतेक डॉक्टर काढूनच घेतात, कारण काम छोटं आणि एक एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेला गर्भ) वाया जाणं महाग (पैशाने पण आणि मनाने पण). इंजेक्शनं चालू असताना अचानक दिसला तर मात्र एकच उत्तर नाही, २ सेमीच्या आतला असेल तर तसंच ट्रान्सफर करूनही (एम्ब्रियो आत सोडूनही) दिवस जाण्याचा रेट घटला नाही असं काही अभ्यासांत दिसलंय, नाहीतर एम्ब्रियो फ्रीझ करायचे, पॉलिप काढायचा आणि मग ट्रान्सफर.

फायब्रॉइडचं गणित जागेवर. पोकळीत घुसलेला असेल तर गर्भ रुजायचं प्रमाण कमी होतं आणि गर्भपाताचा धोका वाढतो, बाहेरच्या अंगाला असेल तर आयव्हीएफला सहसा काही फरक पडत नाही, भिंतीतल्यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत.

काढण्यातही फरक. पॉलिप दुर्बिणीतून बघत देठापाशी कापतात, त्याच दिवशी घरी. नुसतं क्युरेटिंग करू म्हणत असतील तर विचारा, कारण न बघता खरवडलं की देठ तसाच राहू शकतो. भिंतीत रुतलेला फायब्रॉइड मात्र कधी कधी दोन बैठकांत काढावा लागतो, नंतर पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटायची भीती असते, म्हणून ट्रान्सफरला साधारण दोन-तीन महिने थांबवतात. पॉलिपनंतर पुढच्या पाळीलाही सुरू करता येतं, माझं तसंच झालं, बायोप्सी साधी आली आणि पुढच्याच महिन्यात गोळ्या चालू.

आतेसासूबाईंना नंतर फोन करून नीट विचारलं. त्यांचा फायब्रॉइड होता, पिशवीच्या बाहेरून, नारळाएवढा, आणि तोही तिन्ही मुलं झाल्यावर कळलेला.