बँक स्टेटमेंटमधलं डेबिट आणि आपल्या वहीतलं डेबिट

स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवलं की डेबिट आणि क्रेडिट असे दोन तयार रकाने मिळतात. तेच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या आयात फायलीत बँक खात्यापुढे चिकटवले, तर अख्ख्या महिन्याच्या नोंदी उलट्या बसतात. सॉफ्टवेअर अडवत नाही, ट्रायल बॅलन्सही (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बाक्यांचा ताळा) जुळतो, कारण प्रत्येक नोंदीच्या दोन्ही बाजू सारख्याच रकमेच्या असतात.

स्टेटमेंट हा बँकेच्या वहीतला उतारा. तुम्ही ठेवलेला पैसा बँकेचं देणं आहे, म्हणून ती भरणा क्रेडिटला दाखवते. तुमच्या वहीत तोच पैसा मालमत्ता, म्हणून भरणा डेबिटला. गोव्यात म्हापशातल्या दुकानाने 25,000 रुपये भाडं एनईएफटीने दिलं, तर स्टेटमेंटमध्ये ते डेबिट. वहीत मात्र भाडे खाते डेबिट, बँक खाते क्रेडिट. ओव्हरड्राफ्टलाही, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त उचललं तरी, हेच: बँकेची डेबिट बाकी म्हणजे वहीत क्रेडिट बाकी.

उलटं बसलंय हे आकड्यांवरून कळतं. आरंभीची शिल्लक 80,000, भरणा 1,50,000, उचल 1,20,000; अखेर 1,10,000 हवी, ती 50,000 येते. एखादीच ओळ उलटली असेल तर फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून फरकाची निम्मी रक्कम शोधावी. भाडं, वीज या खात्यांवर क्रेडिट बाकी दिसली तर वेगळा पुरावा नको.

चिन्हांचा गोंधळ याहून वाईट. एक्सेलमध्ये उचलीला उणे लावायची सवय असते. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये (आयात फायलीचा एक प्रकार) डेबिट रक्कम उणे आणि क्रेडिट अधिक लिहितात. उचलीत बँक खातं क्रेडिट, म्हणजे तिथे अधिक.

नुसते रकाने अदलाबदल करूनही भागत नाही, कारण एका ओळीत कधीकधी चार-पाच खाती दडलेली असतात. कार्डवर 8,000 ची विक्री, दीड टक्का कमिशन 120, त्यावर 18 टक्के जीएसटी 21.60, बँकेत 7,858.40 जमा. नोंद अशी: बँक डेबिट 7,858.40, कमिशन डेबिट 120, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) इनपुट प्रत्येकी 10.80 डेबिट, कार्ड येणे खाते (कार्डवरच्या विक्रीची बँकेकडून यायची रक्कम) क्रेडिट 8,000. कमिशनच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक 30 ने सुरू होत असेल, म्हणजे गोव्यातला असेल, तरच ही विभागणी. 27 ने सुरू झाला तर तो महाराष्ट्रातला, आणि 21.60 सगळे आयजीएसटीत, म्हणजे आंतरराज्य जीएसटीत. फक्त 7,858.40 विक्री धरली की उलाढाल कमी दिसते आणि इनपुट क्रेडिटही (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) हातचं जातं.

बँकेत रोख भरणा हा टॅलीत एफ4 कळीचा, कॉन्ट्राचा, म्हणजे रोकड आणि बँक यांच्यातला व्यवहार. रोकडवहीची शीट आणि बँकेची शीट दोन्ही आयात केल्या तर तो दोनदा पडतो. एका शीटमधून काढून टाका.

तारखा आयातीआधी तपासाव्यात. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/04 हा 4 मे होतो, आणि 13 तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात. यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक साध्या रकान्यात 4.12E+11 असा दिसतो, आणि त्या अवस्थेत सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) सेव्ह केली की मूळ अंक गेलेच. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा.