बटाट्याचे डोळे, तंबाखूचं पान

बेळगावच्या मार्केट यार्डात बटाट्याची तीन नावं कानावर पडतात: आग्रा, इंदूर आणि आपला जवारी. जवारी चवीला सरस, पण घरात ठेवला की काही आठवड्यांत डोळे फुटायला लागतात. हे कोंब गॅमा किरणांनी थांबवता येतात. मात्र ‘किरण मारलेला बटाटा’ म्हटलं की तो किरणोत्सारी झाला असेल, म्हणजे स्वतःच किरण सोडत असेल, या भीतीनं खाणारा दचकतो. ही भीती भलत्या ठिकाणी खर्च होते आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोंब रोखायला 100 ग्रेच्या आसपास मात्रा पुरते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. 100 ग्रेनं बटाटा 0.03 अंशसुद्धा तापत नाही, तरी कोंब कायमचा थांबतो. माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम 4-5 ग्रे बसले, तर उपचार न मिळाल्यास निम्मी माणसं दोनेक महिन्यांत दगावतात. उष्णतेच्या हिशेबात नगण्य असलेली ऊर्जा एवढा घात करते, कारण ती सगळीकडे सारखी पसरत नाही. एकेका रेणूला गाठून त्यातला इलेक्ट्रॉन उडवून लावते.

बटाट्यात चार-पंचमांश पाणीच असतं, त्यामुळे पहिला घाव बहुतेक वेळा पाण्यावर पडतो. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू तत्क्षणी मोडतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणून शेजारी जो रेणू सापडेल त्याचा हायड्रोजन ते हिसकावून घेतं. पेशीत ते काही नॅनोमीटरच पुढे जाऊ शकतं. वाटेत स्टार्च आला तर एखादी साखळी तुटते. तशा असंख्य साखळ्या शिल्लक असतात, काही बिघडत नाही. डीएनए आला तर मात्र गोष्ट वेगळी, कारण त्याच्या प्रती पेशीत मोजक्याच. एका ग्रेला माणसाच्या एका पेशीत डीएनएचा एकेरी धागा हजारेक ठिकाणी तुटतो. ती तूट पेशी समोरच्या धाग्यावरून जुळवून घेते. वीस ते चाळीस ठिकाणी मात्र दोन्ही धागे एकाच जागी तुटतात आणि ते सांधताना चुका राहतात.

अशी चूक उघडी पडते ती पेशी विभागताना. म्हणून डोळ्यातल्या, वाढायच्या तयारीतल्या पेशी थांबतात आणि गरातल्या पेशी जगत राहतात. विभागणाऱ्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, हा नियम बर्गोनिये आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी 1906 मध्ये मांडला. कॅन्सरवरचे किरणोपचार त्याच नियमावर चालतात, आणि डोक्याला किरण दिल्यावर केस गळतात तेही त्याचमुळे.

शेतकऱ्यानं लक्षात ठेवायचं ते हे: असा बटाटा बियाण्याला चालत नाही. काढणीत खरचटलेला माल आधी काही दिवस ठेवून साल धरू द्यावी लागते, कारण किरणांनंतर जखम नीट भरत नाही. कुजवणारे जिवाणू या मात्रेला मरत नाहीत, त्यामुळे सडका माल सडकाच राहतो.

आता मूळ भीतीकडे. या कामाला वापरतात त्या कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातल्या कुठल्याही अणूचं केंद्रक फोडायला ती अपुरी आहे, म्हणून बटाटा किरणोत्सारी होत नाही. शेतमालाला किरण देणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र लासलगावला 2002 पासून आहे, आणि 2007 पासून आपला आंबा किमान 400 ग्रे घेऊनच अमेरिकेत जातो.

खरोखरच किरणोत्सारी असलेली वस्तू आपल्याच भागात पिकते: निपाणीचा तंबाखू. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूपासून हवेत शिसं-210 हे किरणोत्सारी शिसं तयार होतं आणि तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवेला चिकटून बसतं. थोडं फॉस्फेट खतांतूनही येतं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, 22 वर्षं. त्यातून पोलोनियम-210 हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य तयार होत राहतं, पान वाळवून कितीही दिवस ठेवलं तरी. सिगारेटच्या धुरात ते असल्याचं रॅडफर्ड आणि हंट यांनी 1964 मध्ये दाखवलं. विडी पेटली की त्याची वाफ होते, ते धुराबरोबर आत जातं आणि श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथे साठतं. पोलोनियमच्या केंद्रकातून बाहेर फेकला जाणारा अल्फा कण ऊतीत जेमतेम 40 मायक्रॉन जातो. म्हणजे सगळी ऊर्जा मोजक्या पेशींत ओतली जाते, आणि तिथे दुहेरी तुटी दाटीनं पडतात. धुरातले मुख्य घातक पदार्थ रासायनिकच आहेत, पोलोनियम त्यांत भर घालतं.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांना अल्फा कणांपासून धोका नाही, कातडीचा मेलेला वरचा थर त्यांना अडवतो. कातडीतून आत शिरतं ते निकोटिन. अल्फाची वाट नाकातोंडातून आहे, म्हणून तंबाखू चाळताना-निवडताना उडणारी धूळ आणि घरातला विडीचा धूर, या दोन्हींपासून त्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना दूर ठेवायला हवं.