दीडशे यार्डांचं भांडण: बांगलादेश सीमेवरच्या कुंपणाची पार्श्वभूमी

जानेवारी 2025 मध्ये पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात सीमेवरच्या कुंपणाचं काम पलीकडच्या सीमारक्षकांनी अडवलं. ढाक्याने भारताच्या उच्चायुक्तांना बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवशी दिल्लीने त्यांच्या अधिकाऱ्याला. आपल्याकडे लगेच घुसखोरीची चर्चा रंगली. भांडणाचं मूळ मात्र 1975 च्या एका कलमात आहे.

त्या वर्षी दोन्ही सीमादलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरली. सीमारेषेपासून 150 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 137 मीटरपर्यंत, कुणीही 'संरक्षणात्मक बांधकाम' करायचं नाही. खंदक असतील तर तेही नकोत. युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, त्यामुळे हे स्वाभाविक होतं. कुंपणाचा विषय पुढच्या दशकातला.

आसामात 1979 पासून परकीयांच्या घुसखोरीविरोधात पेटलेलं आंदोलन 15 ऑगस्ट 1985 च्या कराराने थांबलं. 24 मार्च 1971 नंतर आलेल्यांना परत पाठवायचं हे त्यातलं कलम सगळ्यांना पाठ आहे. सीमेवर भिंत, काटेरी तार असे अडथळे उभारायचं वचनही त्यातच होतं. 1986 मध्ये कुंपणाला मंजुरी मिळाली आणि जुना शब्द आडवा आला. काटेरी तार हे संरक्षणात्मक बांधकाम आहे का? ढाका म्हणतं, आहे. दिल्ली म्हणते, तारेने रणगाडा अडत नाही. ती तस्करांसाठी आणि चोरून येणाऱ्यांसाठी आहे. तोडगा निघाला तो असा, की बहुतेक कुंपण दीडशे यार्ड मागे, आपल्याच हद्दीत घालायचं. वस्ती अगदी रेषेला टेकलेली असेल तिथे चर्चा करून एकेरी तारेची सवलत. मालद्यात पुन्हा तेच उकरून निघालं.

या तोडग्याची किंमत कुणी मोजली हे फार कमी सांगितलं जातं. आपली शेतं, काही ठिकाणी आख्खी गावं, कुंपणाच्या बाहेर राहिली. शेतकऱ्याने सकाळी फाटकावर ओळखपत्र जमा करायचं, ठरलेल्या वेळेत बैलांसह परत यायचं. ताग माणसापेक्षा उंच वाढतो, आडोसा होतो, म्हणून तो लावू नका असा आग्रह. रात्री बाळंतिणीला कळा सुरू झाल्या तर आधी फाटक उघडून घ्यायचं. ही सगळी भारताची नागरिक माणसं आहेत.

एकूण सीमा 4,096 किलोमीटरची. सुमारे 3,200 किलोमीटरवर कुंपण झालं. उरलेल्यात पावणेदोनशे किलोमीटर नद्या, दलदल अशी जागा आहे, जिथे ते घालताच येत नाही. 1947 च्या फाळणीने मागे ठेवलेला 162 छिटमहालांचा (एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या जमिनीच्या तुकड्यांचा) गुंता तरी 2015 मध्ये सुटला. कुंपणाने मात्र जीवही घेतले: जानेवारी 2011 मध्ये वडिलांबरोबर परत बांगलादेशात निघालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे कपडे तारेत अडकले, तिला गोळी लागली आणि तिचा देह कित्येक तास तिथेच लटकत राहिला.

आसामच्या नागरिक नोंदवहीतून (एनआरसी) 2019 मध्ये 19 लाखांवर लोक वगळले गेले, तेव्हापासून कागदांचा प्रश्न सीमेपासून दूरच्या शहरांतही पोचला. 2025 च्या जूनमध्ये बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रात पकडून 'बांगलादेशी' म्हणून सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं.