आयरिश पब : पाहुण्यांना दिसतो तो आणि इतिहासाने घडवला तो

डब्लिन, कॉर्क, गॉलवे पाहून आलेल्या माणसाकडून प्रवासाची हकिगत ऐकायला बसलं की चर्च आणि किल्ल्यांच्या आधी पब येतो. शेजारच्या स्टुलावरचा अनोळखी माणूस कसा आपणहून बोलायला लागला, कोपऱ्यात चौघं जण फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बासरी घेऊन कसे बसले होते, दारावर मालकाचं आडनाव कसं सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याला जोडून एक तक्रारही असते : डब्लिनच्या टेंपल बार भागात पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा पेला, महाग, आणि भोवती सगळे पर्यटकच. कौतुक खरं आहे, तक्रारही खरी आहे. पण पाहुणा ज्याला शेकडो वर्षांची अखंड परंपरा समजतो, तिचा बराचसा भाग गेल्या दीडशे वर्षांत कायद्याने, चर्चने आणि स्थलांतराने घडवला आहे. ती घडण मला त्या पाइंटपेक्षा जास्त ओढून घेते.

परक्यांनी आयरिश पिण्याची नोंद करून ठेवणं मात्र खरंच जुनं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बार्नबी रिच या इंग्रज सैनिकाने डब्लिनमधल्या घरोघरी बिअर गाळून विकणाऱ्या बायकांवर भरपूर आगपाखड केली. १६७२च्या सुमारास विल्यम पेटीने आकडे मांडले : जेमतेम चार हजार कुटुंबांच्या डब्लिनमध्ये बिअर विकणारी ११८० घरं आणि ९१ भट्ट्या. हा पेटी आयर्लंड जिंकायला आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेबरोबर वैद्य म्हणून आलेला आणि मग जप्त केलेल्या आयरिश जमिनींची मोजणी केलेला माणूस. त्याची नजर जिंकणाऱ्याची होती. 'आयरिश माणूस म्हणजे दारू' हा शिक्का पुढे दोन-अडीच शतकं टिकला, त्याची मुळं अशा लिखाणात आहेत.

१७५९च्या ३१ डिसेंबरला आर्थर गिनेस याने (गिनेस ही काळी बिअर त्याच्याच नावाची) डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटजवळची बंद पडलेली ब्रुअरी वर्षाला ४५ पौंड भाड्याने, नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली. पर्यटकांना ही गोष्ट तिथे गेल्या गेल्या सांगितली जाते. कॉर्कमधली गोष्ट तितक्या आवर्जून कोणी सांगत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१८३८ साली कॉर्कमध्ये थिओबाल्ड मॅथ्यू या कॅथलिक कॅपुचिन पंथाच्या पाद्र्याने दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच शपथ घेणाऱ्यांची संख्या लाखांवर लाख अशी वाढत गेली. देशाच्या प्रौढ लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा त्यात होता. १८४२मध्ये आलेला इंग्रज लेखक थॅकरे कॉर्कमध्ये फादर मॅथ्यूंना भेटला. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८४५मध्ये आयर्लंडमध्ये आला, आणि त्याने कॉर्कमध्ये खुद्द फादर मॅथ्यूंकडून शपथ घेतली. म्हणजे त्या काळच्या पाहुण्याला हा देश दारूमुक्तीच्या चळवळीचाही देश दिसत होता. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला. लाखो लोक मेले, लाखो परदेशी गेले, चळवळही मोडली. सेंट पॅट्रिक्स स्ट्रीटवर १८६४पासून फादर मॅथ्यूंचा पुतळा उभा आहे. कॉर्कचे लोक त्याला नुसतं 'स्टॅच्यू' म्हणतात आणि भेटायची जागा म्हणून तोच सांगतात.

आज आपण ज्याला 'अस्सल जुना पब' म्हणतो तो या दुष्काळानंतरचा, व्हिक्टोरियन काळातला. इंग्लंडमध्ये पबला राजाचं डोकं, लाल सिंह अशी नावं असतात. आयर्लंडमध्ये किहो, मलिगन, नॉख्टन अशी माणसांची. १८७२च्या परवाना कायद्याने मालकाचं नाव दारावर लिहिणं सक्तीचं केलं. धंदा विकला गेला तरी नवा मालक बहुधा जुनंच नाव ठेवतो. शिवाय हे दुकान नुसतं दारूचं नसायचं. पुढे चहा, साखर, पीठ, खिळे. मागे पिण्याची जागा. कुठे कुठे पबवालाच गावातले अंत्यविधीही करायचा. डब्लिनच्या जुन्या पबांत चहा-मसाल्यांचे लाकडी खण अजून दिसतात. दाराजवळची 'स्नग' ही बंद खोलीवजा जागा खिडकीतून पेला आत घेण्यासाठी होती. ज्यांनी उघड पिणं समाजाला रुचत नव्हतं ते तिथे बसत, त्यात बायका आल्या, पाद्री आले आणि पोलिसही आले. बायकांना चार लोकांत बसून पाइंट मिळायला फारच उशीर झाला. १९७०च्या दशकातही काही पब त्यांना पाइंट नाकारत होते, आणि असा भेदभाव कायद्याने बंद झाला तो २००० सालच्या कायद्यानंतर.

१९०२च्या कायद्याने नव्या परवान्यांची वाट जवळजवळ बंद केली. नवा पब काढायचा तर जुना परवाना विकत घेऊन रद्द करायचा. त्यामुळे परवाना ही घरची इस्टेट झाली. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९२७मध्ये आणखी कडक नियम आणले. गुड फ्रायडेला पब बंद, सेंट पॅट्रिक्स डेला (१७ मार्चच्या राष्ट्रीय सणाला) बंद, आणि डब्लिन-कॉर्कमध्ये दुपारी अडीच ते साडेतीन बंद. या तासाला लोक 'होली अवर' (पवित्र तास) म्हणत. तो कामाच्या दिवशी १९८८पर्यंत चालला, गुड फ्रायडेची बंदी तर २०१८पर्यंत. आज जगभर सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे पब असं समीकरण आहे. त्या दिवशी खुद्द डब्लिनचे पब अनेक वर्षं कुलूपबंद असत.

संगीताचंही तसंच. पारंपरिक धून वाजायची ती स्वयंपाकघरात, शेताच्या खळ्यात, रस्त्याच्या तिठ्यावर. १९३५च्या नृत्यगृह कायद्याने घरगुती नाचावर गदा आणली. पबमधलं 'सेशन', म्हणजे वादकांनी जमून एकत्र वाजवणं, रुजलं ते १९४०च्या दशकाअखेरीस लंडनमध्ये, कॅमडन टाउनसारख्या भागात. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या आयरिश बांधकाम मजुरांना वाजवायला दुसरी जागा नव्हती. परक्या शहरातल्या एकटेपणातून निघालेली ही पद्धत मग मायदेशी आली. १९५१मध्ये कोल्टस ही संगीतसंस्था आणि तिचा फ्ला कोल हा मेळा सुरू झाला. १९६०च्या दशकात डब्लिनच्या ओडॉनह्यूज पबमधून डब्लिनर्स हा गट पुढे आला. ग्लासनेव्हिन दफनभूमीला लागून असलेल्या १८३३च्या कॅव्हनाज पबमध्ये मात्र आजही संगीत नाही. तिथे बोलायचं.

आणि टेंपल बार? १९८०च्या दशकात सरकारी वाहतूक कंपनी तिथे मोठं बसस्थानक बांधणार होती. इमारती विकत घेऊन तोवर स्वस्त भाड्याने दिल्या, तेव्हा चित्रकार, वादक, छोटी दुकानं आली. लोकांनी हा भाग वाचवायचा आग्रह धरला, आणि १९९१मध्ये, डब्लिन युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, सरकारने त्याच्या विकासासाठी कंपनी काढली. कलावंतांसाठी वाचवलेली जागा पुढे पर्यटकांनी भरली.

२०२०च्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक्स डेच्या दोन दिवस आधी, कोविडमुळे देशभरचे पब बंद झाले. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. जेवण देणारे पब आधी उघडले. नुसतं पेय आणि गप्पा देणाऱ्या डब्लिनच्या पबांत, म्हणजे पाहुण्यांना सर्वांत आवडणाऱ्या पबांत, पुन्हा आत बसता आलं ते २०२१च्या जुलैअखेरीस. पण गळती त्याआधीचीच आहे. २००५पासून देशातले सुमारे दोन हजार पब बंद झाले, बहुतेक ग्रामीण काउंट्यांत. २०११मध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठी मद्याची मर्यादा कमी झाली, तो निर्णय योग्यच होता. पण बस नसलेल्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची संध्याकाळची एकच जागा गेली. डब्लिनमधला आकडा फारसा घटलेला नाही, त्यामुळे शहरं बघून परतणाऱ्या पाहुण्याला हे दिसत नाही.