तळपायाची जखम आणि अंगाचं वजन

नवरात्रात अनवाणी राहायचं, तुळजापूरला पायी जायचं, ही मराठवाड्यातल्या अनेक घरांची रीत. श्रद्धा ज्याची त्याची. पण जुनी शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये, हे मी स्पष्टच सांगतो. फोड फुटला तरी 'दुखत तर नाही' म्हणत ते चालत राहतात. दुखत नाही, हेच तर दुखणं आहे.

वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पायाच्या नसा टोकापासून खराब होत जातात. संवेदना जाते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पावलातल्या छोट्या स्नायूंच्या नसाही जातात. बोटं वाकडी होतात आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोकं तळव्यात खाली येतात. घामाच्या नसा गेल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. आता चालताना भार त्या टोकांवर येतो, तिथे घट्टा धरतो. घट्टा कडक असल्याने खालच्या मऊ भागावरचा दाब आणखी वाढतो, आत रक्त साकळतं. वरून फुटतं तोवर जखम खोल गेलेली असते. निरोगी माणूस अशा वेळी लंगडतो, म्हणून वाचतो. बधीर पाय लंगडत नाही.

जखमेत आधी साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येतात. पुढे त्यांनी बांधणीकडे वळायचं असतं. मधुमेहात हे वळण अडखळतं. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम्स जादा राहतात आणि जखम सांधणारं नवं कोलॅजेन हे प्रथिनही कुरतडतात. त्यात दर पावलाला कोवळी पेशीजाळी चिरडते. सारवलेली जमीन वाळायच्या आत तुडवत राहावी, तशातली गत. मग हळद लावा, तंबाखू लावा, नाहीतर जाहिरातीतलं महागडं मलम!

हे कोडं आधी कुष्ठरोगात सुटलं. 1946 साली वेल्लोरला आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की कुष्ठरोग्यांच्या पायाचं मांस आपोआप कुजत नाही. वेदना गेल्यामुळे इजा होत राहते. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की जखमा भरत. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आलं. पावलाला घट्ट बसणारं, गुडघ्याखालपर्यंतचं हे प्लास्टर भार पोटरीकडे वाटून देतं. रुग्णाला ते काढता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. काढता येणारा बूट लोक घरी आल्या आल्या काढून ठेवतात.

मात्र आधी पायाचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा. नाडी लागत नसेल किंवा पू खोलवर असेल तर प्लास्टर नाही; आधी रक्तवाहिनी मोकळी करणं, मेलेला भाग काढणं, अँटिबायोटिक.

आणि मुकादमाची उचल घेतलेला ऊसतोड कामगार प्लास्टर घालून फडात उतरणार कसा? त्याचा पाय टोळी निघण्याआधीच तपासावा. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू त्यासाठी पुरतो. डोळे मिटून तो कळला नाही, तर पाय रोज बघायचा आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा.